अस्तराखालचं रक्त

माझ्या सासूबाई सोफे दुरुस्त करतात. जुन्या कोचाचं कापड सोलायचं, आतला कुजका काथ्या उपसायचा, सैल स्प्रिंगा सुतळीनं आवळायच्या, नवा फोम कापून घालायचा आणि वरून कापड ताणून ठोकायचं, हे सगळं त्या एकट्या करतात. दुकान घराच्या खालीच आहे. दुसऱ्यांची बसायची सोय करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण त्या स्वतः बसलेल्या मी लग्नानंतर क्वचितच पाहिल्या. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, भांडण तर उभ्यानंच. सासऱ्यांनी त्यांना 'भिंगरी' नाव ठेवलं होतं आणि सासरे गेल्यावरही गल्लीत तेच नाव चालू राहिलं.

सासरे सुतार. कोचांचे सांगाडे ते करायचे आणि त्यांवर कापड या चढवायच्या. मी त्यांना पाहिलं नाही. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा माझा नवरा कॉलेजात होता. त्यानंच त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, गॅस झालाय, हे पांढरं औषध प्या आणि पडून राहा. ते घरी येऊन पडून राहिले आणि दिवेलागणीच्या आत गेले. गॅस नव्हता, हृदय होतं. तेव्हापासून आमच्या घरात 'छातीत' एवढा शब्द कुणी उच्चारला, तरी माझ्या नवऱ्याचा हात खिशातल्या गाडीच्या किल्लीकडे जातो.

मध्यंतरी सासूबाईंच्या हृदयाचे ठोकेही चुकतात असं निघालं. आधी पटापट पडायचे, मग अडखळायचे, मग पुन्हा धावत सुटायचे. "माझं काळीजही माझ्यासारखंच, एका जागी ठरेल तर शपथ," असं त्या शेजारणींना सांगायच्या. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यायला सांगितली. ती त्या घ्यायच्या, पण त्यांच्या पद्धतीनं. एका हातात हातोडी, तोंडात चुका धरलेल्या, त्या गालात सरकवायच्या आणि गोळी जिभेवर टाकून पाण्यावाचून गिळायची. चुका म्हणजे कापड ठोकायचे बारीक खिळे. सोफ्याचे जुने कारागीर ते ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकत जातात.

"आई, घोटभर पाणी तरी प्या," मी म्हणायचे.

"पाणी प्यायला हात कुठे मोकळाय?"

त्या आठवड्यात एका नाट्यगृहाच्या खुर्च्या आल्या होत्या. लाल मखमल उसवलेली आणि बसका फोम, अशा खुर्च्यांची रास दुकानातून फुटपाथपर्यंत आली होती. शनिवारी तिथं मोठा कार्यक्रम होता. सासूबाईंना दम घ्यायला फुरसत नव्हती. सकाळी मी चष्म्याच्या दुकानात कामाला निघाले होते. जाता जाता डोकावले, तर त्यांनी शिळ्या पावाचा कडक तुकडा तोंडात कोंबला होता आणि त्याच्यावरच गोळी टाकली होती.

तो घास अडकला. त्यांनी मान पुढे काढून जोर लावून गिळला. तरी जाईना, म्हणून पुन्हा जोर लावला. मग त्यांना उमासे आले, खोल आणि कोरडे. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पाणी आणेपर्यंत घास खाली गेला होता. "गेला गेला," त्या हातानं खुणावत होत्या. हातोडी उचलली, एक ठोका मारला आणि थांबल्या.

मग त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. मखमल अजून चढवलेली नव्हती, नुसत्या फोमवरच बसल्या. मला जे भय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्याचं नव्हे, त्या बसण्याचं.

"काय होतंय आई?"

"पाचर ठोकलीय कुणीतरी," त्यांनी छातीच्या बरोबर मध्ये बोट ठेवलं. "इथून पार पाठीत."

कपाळावर घाम जमला होता. ओठ पांढरे पडले होते. मी वर हाक मारली आणि माझा नवरा जिना न उतरता जणू कोसळतच खाली आला. त्यानं आईकडे एकदाच बघितलं. खुर्च्या घेऊन आलेला टेंपोवाला दारातच उभा होता. सासूबाईंना त्याच्या शेजारी बसवलं, आम्ही दोघं मागे खुर्च्यांमध्ये उभे राहिलो आणि टेंपो निघाला. वाटेत सिग्नल लागला की माझा नवरा टेंपोच्या टपावर मूठ आपटायचा. जसा काही सिग्नल टेंपोवाल्याच्या खिशात होता.

मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरनं त्यांना लगेच घेतलं. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली. ठोके वेडेवाकडे होतेच, शिवाय पट्टीत कुठे कुठे रेघ जरा खाली दबलेली होती. जुनं दुखणं, वय, घाम, छातीत पाठीपर्यंत जाणारी कळ, हे सगळं ऐकून तो म्हणाला, "हार्टचंच वाटतंय. रक्ताचा रिपोर्ट येईलच. तोवर रक्त आणखी पातळ करायचं इंजेक्शन सुरू करू या."

"करा, लगेच करा," माझा नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. या वेळी निदान कुणी गॅस म्हटलं नव्हतं.

नर्स इंजेक्शन भरत होती तेवढ्यात सासूबाईंनी खोकल्यासारखं केलं आणि पदरात थुंकल्या. लाल रक्त होतं. फार नव्हतं, चमचाभर असेल.

तरुण डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "खोकल्यातून आलं की उलटीतून?"

"मला काय माहीत बाबा, तोंडातून आलं," सासूबाई कण्हत म्हणाल्या.

"सकाळी काय करत होतात? तोंडात काही होतं का?"

"चुका होत्या."

"कसल्या चुका?"

"लोखंडाच्या रे बाळा. दुसऱ्या चुका करायचं वय राहिलंय का आता?"

मी त्याला खिळ्यांचं समजावून सांगितलं. तो चमकला. खिळा गिळला गेला असेल आणि त्यानं आत कुठं भोक पाडलं असेल, तर प्रकरण वेगळंच. त्यानं इंजेक्शन बाजूला ठेवायला सांगितलं आणि वरिष्ठ डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

तेव्हा माझा नवरा भडकला. "अहो, खिळ्याचं नंतर बघा! माझे वडील असेच गेले. दुखत होतं हृदयात आणि डॉक्टर पोटाकडे बघत बसले. तुम्हीच म्हणालात ना हार्ट आहे? मग इंजेक्शन द्या!"

"अहो, पण रक्त येतंय..."

"आई गेली तर तुम्ही जबाबदार!"

मी त्याचा दंड धरला.  खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आपल्या डोळ्यांदेखत वेळ चाललाय आणि ही माणसं खिळे मोजतायत.

वरिष्ठ डॉक्टर म्हणजे एक ठेंगण्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. आजूबाजूला सगळी पळापळ चाललेली, पण या स्टूल ओढून सासूबाईंच्या उशाशी बसल्या. माझ्या नवऱ्यानं दातओठ खाल्ले. इथं आग लागलीय आणि बाई पाट मांडून बसल्या, असा त्याचा चेहरा होता.

"मावशी, दुखायच्या आधी काय झालं होतं? अगदी आधी."

"घास अडकला होता. मग उमासे आले."

"आणि मग दुखायला लागलं? की दुखत होतं म्हणून उमासे आले?"

सासूबाईंनी डोळे मिटून विचार केला. "आधी उमासे. मग दुखणं."

"आता थुंकी गिळून बघा बरं, अगदी थोडी."

त्यांनी गिळली आणि कळवळल्या. "आई गं! तिथंच दुखतं. तिथंच अडतं."

बाई उठल्या. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "हृदय नाही असं मी म्हणत नाहीये. ते मी अजून सोडलेलं नाही. पण हृदयाला माणसानं थुंकी गिळल्याचा पत्ता लागत नाही हो. गिळताना कळ येतेय म्हणजे अन्ननलिका ओरडतेय. हृदय आणि अन्ननलिका म्हणजे एका भिंतीचे शेजारी. एकाच्या घरात आरडाओरडा झाला की दुसऱ्याच्या घरातला वाटतो."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"म्हणून तर तपासायचं. ते इंजेक्शन अर्धा तास थांबलं तर मी हृदयावर डोळा ठेवू शकते. पण आत कुठं फाटलं असेल आणि मी रक्त आणखी पातळ केलं, तर ते मला परत घट्ट करता येणार नाही."

आधी एक्स-रे झाला. खिळा कुठेच नव्हता. सासूबाईंनी तेवढ्यातही सुनावलं, "एवढ्या वर्षांत एक चूक गिळलेली नाही मी." मग सीटी स्कॅन. आम्ही बाहेरच्या बाकावर. माझा नवरा बसायचा, उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. त्याची आई आत निपचित पडली होती आणि भिंगरी याच्या पायात शिरली होती. हृदयाच्या रक्तचाचणीचा पहिला रिपोर्ट चांगला आला, तर तो म्हणाला, "पहिला चांगलाच येतो, मी वाचलंय." बाईंनाही ते ठाऊक असावं, कारण त्यांनी तीच चाचणी काही तासांनी पुन्हा करायला सांगून ठेवली होती. ती दुसऱ्यांदाही स्वच्छ आली.

त्याआधीच बाई आम्हाला आत बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवायला लागल्या. मला त्यात करड्या ढगांपलीकडे काही कळेना. त्यांनी पेन टेकवलं. "या वयात अशी कळ आली की मला सगळ्यांत भीती असते ती हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीची, तिला चीर गेली असेल तर. ती इथं धडधाकट आहे. दुसरी भीती अन्ननलिका आरपार फाटल्याची. तसं असतं तर बाहेर हवा दिसली असती, तीही नाही. पण हे बघा." अन्ननलिका म्हणजे एक वर्तुळ होतं, पण त्याच्या एका बाजूला जाड, गडद सूज होती. आतली पोकळी चंद्रकोरीएवढीच उरलेली. "नळीच्या भिंतीतच रक्त साठलंय. आतलं पातळ आवरण आणि बाहेरचा स्नायू यांच्यामध्ये. घास अडकला, जोरात ओढाताण झाली, आतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली. दुसऱ्या कुणाची असती तर तिथंच मिटली असती. पण यांचं रक्त गोळीमुळे पातळ. ते झिरपत राहिलं."

आम्ही हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या कळांमधूनही ऐकत होत्या. "म्हणजे अस्तर सुटलं आणि मध्ये रक्त भरलं?"

"अगदी तसंच, मावशी," बाई म्हणाल्या. "असं फार थोड्यांना होतं. माझ्या आयुष्यातलं हे दुसरं."

"पहिल्याचं काय झालं?"

बाईंनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं. "त्यांना आम्ही हृदयाचं समजून ते इंजेक्शन दिलं होतं. ते वाचले, पण फार हाल झाले."

मग सुरू झाली खरी परीक्षा. उपाय काय, तर काही करायचं नाही. पातळ रक्तावर उतारा म्हणून औषध दिलं, रोजची गोळी बंद केली आणि तोंडावाटे पाण्याचा थेंबही नको म्हणून बजावलं. सगळं सलाईनमधून. हलायचं नाही, बोलायचं नाही, जोर करायचा नाही. हृदयाचे डॉक्टर येऊन कपाळाला आठ्या घालून गेले. गोळी बंद म्हणजे गुठळीची भीती, गोळी चालू म्हणजे रक्तस्रावाची. इकडे आड, तिकडे विहीर. ते आणि बाई दारापाशी हळू आवाजात बोलत राहायचे आणि माझा नवरा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायचा.

सासूबाईंना एका जागी पडून राहायला सांगणं म्हणजे माशीला ध्यानाला बसवणं. पहिल्या दिवशी वेदनेनं त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलची गादी चाचपून पाहिली आणि शिवण उसवलीय म्हणून नर्सकडे सुई मागितली. न बोलता, खुणेनं. नर्सला वाटलं इंजेक्शन हवंय, ती बिचारी धावत आली. मग त्यांनी मला बोटानं हवेत चौकोन काढून दाखवले, तेव्हा मला कळलं की खुर्च्यांचं विचारतायत.

खुर्च्यांचं मी बघत होते. चष्म्याच्या दुकानातून रजा काढली. नवरा फोम कापायचा, टेंपोवाला खुर्ची उलटी धरायचा आणि मी ठोकायचे. मला चष्म्यांचे बारीक नट-स्क्रू हाताळायची सवय, पण हातोडीची नाही, त्यामुळे माझी बोटं निळी झाली. नाट्यगृहाचा व्यवस्थापक येऊन बघून गेला. ठोकाठोक बघून त्याचं तोंड उतरलं. शनिवारपर्यंत पुढच्या काही रांगाच होतील, असं मी सरळ सांगितलं. तो म्हणाला, मागच्या रांगांना जुनीच कव्हरं घालतो, मावशींना काही बोलू नका. चांगला माणूस. पण मी खोटं बोलू शकले नाही. सासूबाईंनी खुणेनं विचारल्यावर माझं तोंड बघूनच त्या समजल्या आणि भिंतीकडे वळल्या.

त्याच दिवशी दुपारी ते घडलं. मी त्यांचे पाय चेपत होते. दुखणं सकाळपासून वाढलं होतं. त्या सारख्या कूस बदलत होत्या, उशी ढकलत होत्या, चादर पायानं लाथाडत होत्या. अचानक उठून बसल्या आणि त्यांना उलटी झाली. काळपट, गुठळ्यांचं रक्त. भांडं भरलं, चादर भिजली, माझ्या हातांवर आलं. मी ओरडले. माझा नवरा दारातून आत आला आणि तिथंच खिळला.  त्याचं तोंड वडील गेले तेव्हाच्या पोराचं झालं असावं. तेव्हा मी नव्हते, पण मला तसंच वाटलं.

नर्सा धावल्या, पडदा ओढला गेला, कुणीतरी रक्ताच्या पिशव्यांसाठी फोन करत होतं. आम्हाला बाहेर काढलं. बाहेर उभ्या उभ्या तो एवढंच म्हणत होता, "हार्टचं नव्हतं ना? हार्टचं नव्हतं ना?" 

थोड्या वेळानं बाईंनी आम्हाला आत घेतलं. सासूबाई अर्धवट बसलेल्या, हनुवटीवर अजून रक्ताचा ओघळ, रंग कागदासारखा. त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान खाली नेला. म्हटलं, आता काय निरवानिरव सांगतात कोण जाणे.

"पाचर निघाली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दुखणं गेलं गं. आता बरं वाटतंय."

मी बाईंकडे बघितलं. बाई घड्याळावर नाडी मोजत होत्या. "भिंतीत कोंडलेलं रक्त आतल्या बाजूला फुटून बाहेर पडलं. म्हणून ताण गेला. असं होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं, पण इतकं येईल असं वाटलं नव्हतं." त्यांनी पहिल्यांदाच कपाळ पुसलं. "आता ते थांबायला हवं. आज आणि उद्या बघायचं."

त्यांनी दुर्बिणीनं आत पाहिलं. सुजेचा निळसर-जांभळा फुगा आता ओसरला होता आणि आतल्या आवरणाला लांब चीर गेली होती, पण रक्त वाहायचं थांबलं होतं. दोन पिशव्या रक्त चढवलं. तो सबंध दिवस आणि पुढचाही आमच्यापैकी कुणी जेवायचं नाव काढलं नाही. पडद्याआड भांड्याचा आवाज झाला की आम्ही दोघं एकदम उभे राहायचो. पण पुन्हा उलटी झाली नाही.

पुढे दिवसामागून दिवस सुधारणा होत गेली. पाण्याचा पहिला चमचा घोटला तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "पाण्याला चव असते गं!" मग पातळ, मग मऊ. हृदयाच्या डॉक्टरांनी बरेच दिवस थांबून, बाईंशी मिळून ठरवून, गोळी पुन्हा सुरू केली. दुसऱ्या जातीची, आणि भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अशी ताकीद देऊन.

घरी सोडायच्या दिवशी माझा नवरा बाईंच्या खोलीत गेला. मीही बरोबर होते. त्यानं आधी त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल माफी मागितली. मग खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभा राहिला. बाई वाट बघत होत्या.

"एक विचारू? माझ्या वडिलांना तुमच्यासारखं कुणी भेटलं असतं, तर ते वाचले असते?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत नाही. मी तिथं नव्हते. कदाचित वाचले असते, कदाचित नाही. पण दवाखान्यात नेणारा मुलगा चुकला नव्हता. त्यानं नेलं होतं."

त्यानं बाईंना हात जोडले. मान हलवली आणि बाहेर आला. जिन्यावर मध्येच थांबला, कठड्याला धरून, बराच वेळ. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. वरून माणसं उतरत होती, आम्हाला वळसा घालून जात होती.

काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण झाली. फुग्याच्या जागी फिकट रेघ तेवढी उरली होती. बाईंनी पडद्यावर ते चित्र सासूबाईंना दाखवलं. त्या पुढे वाकून, चष्मा नाकावर सारून, आपली अन्ननलिका निरखत राहिल्या. गुलाबी, ओलसर, चकचकीत.

"हे माझं?"

"तुमचंच, मावशी."

"अगं बाई! इतकं सुंदर कापड आहे आत, आणि मला पत्ताच नाही." मग मागे वळून मला म्हणाल्या, "चल लवकर. तो कोपऱ्यावरचा फोमवाला दुपारी बंद करतो."